दीड सूत

दिवाळी सरली, निफाडकडून कोरडा वारा सुटला,
ओठ फुटले, बाथरूमचं दार आपोआप लागायला लागलं,
आणि माझ्या गिटारची मान
कुणाला न सांगता मागे कलली.
पहिल्या चार पट्ट्यांवर प्रत्येक तार
काडेपेटीतल्या माशीसारखी.

गिटार शरणपूरच्या शलमोन भांबळची.
विकताना म्हणाला, मानेच्या आत एक सळई असते,
लाकडानं बाक घेतला की ती फिरवायची,
पाव फेरा. जास्त नाही.
मग चावी?
चावी त्याच्याकडेही कधी नव्हती.
अकरा वर्षं तशीच वाजवली त्यानं, लग्नांत, नाताळात,
खरखर आली की ड्रमवाल्याकडे बघायचं, तो जोरात हाणायचा.

चारची अ‍ॅलन की आत गरगर फिरते.
पाचची तोंडाशीच अडते.
मेन रोडला साडेचारची मिळाली, तीही सैल.
"बसेल मॅडम, ठोकून बसवू," म्हणत
पोरगा हातोडी घेऊन आला
आणि मी गिटार पोटाशी धरून रस्त्यावर.

भद्रकालीत अब्बासभाईंनी डबा उपडा केला.
शंभरेक काटकोन काउंटरवर पसरले,
आम्ही दोघांनी एकेक लावून पाहिला,
मध्ये दोन गिऱ्हाइकं बिजागऱ्या घेऊन गेली.
"सगळा मिलिमीटरचा माल, बेटा.
इंची आता कोण ठेवतो?
अंबडला जा. म्हातारा फिटर शोध."

विश्राम ताजनपुरे रिटायर होऊन नऊ वर्षं झाली,
पुतण्याच्या शेडमध्ये रोज साडेआठला हजर.
डावा कान प्रेस शॉपनं ठेवून घेतला,
म्हणून उजव्या बाजूनं बोलायचं.
"थ्री बाय सिक्स्टीन," मी मोबाईलवर वाचून दाखवलं.
ते बघत राहिले.
"दीड सूत म्हण की."

दीड सूत!
सूत म्हणजे मला शिवणाच्या डब्यातलं ठाऊक,
नाहीतर शेजारच्या वृषालीचं जुळलं होतं ते.
हे तिसरं,
इंचाचे आठ तुकडे करून
माणसांनी बोटांत वागवलेलं.

कॅनव्हासची गुंडाळी उलगडली. नऊ कप्पे, आठ चाव्या.
"दोन सुताची चौऱ्याण्णव साली एकानं मागून नेली.
नाव सांगू शकतो.
म्हणून चावी शेडबाहेर जात नाही,
तुझं लाकूड इकडे आण."

एक डोळा मिटून त्यांनी मानेवरून नजर टाकली,
शाफ्ट बघावा तशी.
"पोट नाही, पाठ आलीय."
चावी भोकात गेली
आणि थांबली. ना ढिली, ना घट्ट.
तीन आठवडे मी ज्याच्यासाठी हिंडले
त्याचा काहीच आवाज झाला नाही.

पाव फेरा डावीकडे.
पहिली पट्टी दाबली, शेवटची दाबली,
मधल्या फटीत पुतण्याचं व्हिजिटिंग कार्ड सरकवलं.
मग स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडावर, मूठ उजव्या कानाला,
बेअरिंग तपासतात तसं.
"वाजव."

मला येते ती चाल अर्धीच येते. वाजवली.
लेथवरच्या पोरानं मशीन बंद केलं.
ताजनपुरे डोळे मिटून, दांडीतून, बराच वेळ.
मला वाटलं, आता काही म्हणतील.
"जाड तार अजून कुरकुरते.
आज राहू दे. लोखंड लगेच ऐकतं,
हे आधी विचार करणार.
शनिवारी लाइट नसते, सोमवारी ये."

पैसे विचारले तर गुंडाळी बांधत म्हणाले,
"त्या बिजागऱ्यावाल्याकडे इंची तारेचा गेज मिळतो का बघ."

त्रिमूर्ती चौकात सिग्नल लागला.
पाठीवर गिटार, हँडल गार,
मी हेल्मेटच्या आत म्हणून पाहिलं, दीड सूत,
पुन्हा, जरा मोठ्यानं.
शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं पत्ता विचारतेय.
त्यानं क्षणभर विचार केला
आणि हात दाखवला,
डावीकडे.